मिश्र प्रवाळ टाकी : उपकरणे कोणत्या क्रमाने बदलावीत?

समुद्रातल्या प्रवाळ खडकावर प्रत्येक जातीची जागा ठरलेली असते. लाटा फुटतात त्या माथ्यावर, भर उन्हात, ॲक्रोपोरासारख्या बारीक फांद्यांच्या जाती वाढतात. थोडे खाली, उतारावर, मांसल आणि झुलणारे युफिलिया दिसतात. आडोशाच्या, काहीशा गढूळ पाण्यात मऊ प्रवाळ पसरतात. घरच्या मिश्र टाकीत हे सगळे अंतर दोन-तीन वितींत बसवावे लागते. पाणी एकच, पण गरजा तीन. त्यामुळे अशा टाकीची उपकरणे निवडताना यंत्राच्या ताकदीइतकाच त्याच्या स्थैर्याचा आणि क्रमाचा विचार करावा लागतो.

टाकी सुधारायची म्हटली की नवा माणूस बहुतेक वेळा दिव्यापासून सुरुवात करतो. रंग खुलतात, टाकी उजळते आणि पैसे सार्थकी लागल्यासारखे वाटते. खरे तर दिवा शेवटून दुसरा यायला हवा. तो का, आणि त्याआधी काय काय यायला हवे, हे या लेखात क्रमाने पाहू. उदाहरणासाठी संप, म्हणजे खालची जोडटाकी, धरून ३०० लिटर पाण्याची टाकी घेतली आहे.

खरेदीआधी कायदा

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि सी फॅन यांचा समावेश आहे. आपल्या समुद्रातून ते काढणे, विकणे किंवा जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. मालवणजवळचे प्रवाळ असोत वा विजयदुर्गच्या समोर खोल समुद्रात पसरलेल्या आंग्रिया बँकेचे, ते तिथेच राहिले पाहिजेत. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारातील परदेशी जातींचे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधनही घातले. म्हणून भारतातल्या वाचकाने वनविभागाकडून लेखी खात्री करून घेतल्याशिवाय प्रवाळ विकत घेऊ नयेत, मग विक्रेता काहीही सांगो.

अमेरिका, युरोप अशा ठिकाणी टाकीतच वाढवलेल्या प्रवाळांचे तुकडे, म्हणजे फ्रॅग, मिळतात. तिथे राहणाऱ्या मराठी छंदिष्टांनी समुद्रातून तोडलेल्या वसाहतीऐवजी हेच तुकडे घ्यावेत. फक्त मासे आणि कोळंबी ठेवणाऱ्यांनाही पुढची पाणी, तापमान, वीज आणि गाळण यांची माहिती जशीच्या तशी उपयोगी पडेल.

क्रम का महत्त्वाचा?

प्रवाळाच्या पेशींत झूझँथेली नावाची एकपेशीय शैवाले राहतात. प्रकाश मिळाला की ती अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. प्रकाश वाढवला की प्रकाशसंश्लेषण वाढते आणि सांगाडा बांधण्याचा वेगही वाढतो. सांगाडा बांधायला पाण्यातला कॅल्शियम आणि अल्कलिनिटी, म्हणजे कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, खर्च होते. वाढलेल्या चयापचयाला जास्त प्रवाह लागतो, त्याशिवाय तयार झालेला ऑक्सिजन आणि टाकाऊ पदार्थ प्रवाळाच्या अंगाशीच साचून राहतात. शिवाय दिव्याची उष्णता पाण्यात उतरते.

म्हणजे दिवा वाढवला की बाकी प्रत्येक गोष्टीची मागणी वाढते. ती भागवण्याची सोय आधी झालेली नसेल, तर महागडा दिवाच प्रवाळाच्या मुळावर येतो. म्हणून क्रम असा धरावा: मोजमाप, पाणी, तापमान आणि वीज, मग प्रवाह, मग गाळण, मग क्षारांची भरपाई. ती तयारी झाली की प्रकाश. शेवटी नियंत्रक.

आधी मोजमाप

चांगल्या चाचणी किटइतकी फायद्याची दुसरी खरेदी नाही. मिश्र टाकीसाठी पुढील मर्यादा सोयीच्या ठरतात:

- क्षारता : ३५ भाग प्रति हजार
- तापमान : २५ ते २६ अंश सेल्सियस
- अल्कलिनिटी : ८ ते ९ डीकेएच
- कॅल्शियम : ४०० ते ४५० मिलिग्रॅम प्रति लिटर
- मॅग्नेशियम : १२५० ते १३५० मिलिग्रॅम प्रति लिटर
- नायट्रेट : २ ते १० मिलिग्रॅम प्रति लिटर
- फॉस्फेट : ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर

आकडा मर्यादेत असणे पुरेसे नाही, तो तिथे टिकला पाहिजे. ८.० वर महिनोन्‌महिने स्थिर असलेली अल्कलिनिटी ही ७.५ आणि ९.५ च्या मध्ये हेलकावणाऱ्या अल्कलिनिटीपेक्षा कितीतरी बरी. बारीक फांद्यांच्या जाती अशा हेलकाव्यांनी टोकांपासून जळू लागतात.

क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्य करून भागत नाही. ३५ भाग प्रति हजार क्षारतेचे तयार द्रावण मिळते, त्यावर तो जुळवावा. आपल्याला ज्या आकड्याजवळ मोजायचे आहे, तिथेच उपकरण बरोबर असायला हवे.

कोणतेही उपकरण घेण्याआधी आठवडाभर रोज एकाच वेळी अल्कलिनिटी मोजून वहीत लिहावी. सोमवारी ८.४ आणि बुधवारी ७.० असेल, तर रोजचा खर्च ०.७ डीकेएच. पुढचे बरेच निर्णय या एका आकड्यावर ठरतात.

पाणी आणि बाष्पीभवन

नळाच्या पाण्यात क्लोरीन, नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट आणि कधी तांबेही असते. बोअरवेलच्या पाण्यात विरघळलेले क्षार आणखी जास्त. घरच्या पिण्याच्या आरओमधून येणारे पाणी पुरेसे शुद्ध नसते, आणि अनेक यंत्रांत चवीसाठी खनिजे पुन्हा मिसळलेली असतात. प्रवाळ टाकीला आरओनंतर डीआय रेझिनचा टप्पा हवा. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसले पाहिजे. आकडा वर सरकू लागला की रेझिन बदलायचे.

पाणी उडते, मीठ मागे राहते. ३०० लिटरमधून ६ लिटर पाणी उडाले तर क्षारता ३५ वरून जवळजवळ ३५.७ वर जाते. म्हणून पाण्याची पातळी आपोआप राखणारे एटीओ हे या छंदातले स्वस्त आणि सर्वांत उपकारक यंत्र आहे. सेन्सरने पाणी कमी झाल्याचे सांगितले की छोटा पंप साठ्यातले गोडे पाणी संपमध्ये टाकतो.

एटीओ बसवताना दोन गोष्टी पाळाव्यात. नळीचे टोक संपमधल्या पाण्याच्या वर ठेवावे आणि साठ्यातली पातळी त्या टोकाच्या खाली राहील असे पाहावे. तसे नसेल तर पंप बंद झाल्यावरही सायफनने पाणी वाहत राहते. दुसरे म्हणजे साठा बेताचा ठेवावा. पंप अडकून २० लिटर पाणी एकदम आत गेले तर क्षारता ३२.८ पर्यंत उतरते. त्याने प्रवाळांना ताण येतो, पण टाकी सावरू शकते. साठा १०० लिटरचा असता तर क्षारता २६ च्या आसपास गेली असती आणि प्रवाळ हातचे गेले असते.

तापमान

नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा केवळ १ अंश जास्त उष्णता काही आठवडे टिकली, तरी समुद्रातले प्रवाळ आपली शैवाले बाहेर टाकू लागतात आणि पांढरे पडतात. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या नोआ या संस्थेने चौथ्या जागतिक प्रवाळ विरंजनाची घोषणा केली, त्यामागेही समुद्राची हीच उष्णता आहे. टाकीतही नियम तोच.

सोपा उपाय म्हणजे पाण्यावर वारा सोडणारा पंखा. एक लिटर पाणी उडताना जेवढी उष्णता घेऊन जाते, तेवढ्यात ३०० लिटरची टाकी साधारण २ अंशांनी थंड होऊ शकते. कोरड्या हवेत हा उपाय छान चालतो. कोकण किनाऱ्यासारख्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, पाणी फारसे उडत नाही आणि पंखा निष्प्रभ ठरतो. तिथे चिलर लागतो. चिलर पाण्यातली उष्णता काढून खोलीत सोडतो, म्हणून त्याला बंद कपाटात ठेवू नये. गरम हवा बाहेर पडली नाही तर तो सतत चालत राहतो आणि तरीही पाणी थंड होत नाही.

थंड प्रदेशात उलट अडचण असते. हीटरचा थर्मोस्टॅट बिघडतो तेव्हा तो कधीकधी चालू अवस्थेतच अडकतो आणि टाकी उकडते. ३०० वॉटच्या एका हीटरऐवजी १५० वॉटचे दोन घ्यावेत. एक अडकला तरी तो एकटा टाकीला लवकर तापवू शकत नाही, आणि एक बंद पडला तरी दुसरा बराच सांभाळतो. दोन्ही हीटर बाहेरच्या तापमान नियंत्रकावर जोडले की संरक्षणाचा दुसरा थर मिळतो.

वीज

मिठाचे पाणी आणि वीज एकत्र असताना सुरक्षेत तडजोड करू नये. टाकीच्या सर्व जोडण्या ३० मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीवरून घ्याव्यात. प्रत्येक वायरीला प्लगच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब प्लगमध्ये शिरण्याऐवजी खाली टपकतो. प्लग-पट्टी जमिनीवर किंवा संपच्या वर ठेवू नये.

वीज गेल्यावर टाकीचा पहिला शत्रू ऑक्सिजनची कमतरता हा असतो. इन्व्हर्टरवर सर्वांत आधी वेव्हमेकर, म्हणजे टाकीतले पाणी फिरवणारा पंप, घ्यावा. तो पृष्ठभाग हलता ठेवतो आणि त्याला वीजही थोडीच लागते. डीसी वेव्हमेकर अनेकदा थेट बॅटरीवर चालतात. त्यानंतर संपमधले पाणी वर पाठवणारा रिटर्न पंप. हीटर आणि चिलर बॅटरी झपाट्याने रिकामी करतात, त्यांना शेवटी जागा द्यावी.

रिटर्न पंप थांबला की वरच्या टाकीतले काही पाणी खाली संपमध्ये उतरते. संपमध्ये तेवढी रिकामी जागा आहे का, हे पंप मुद्दाम बंद करून पाहावे. नवा पंप किंवा नवी नळी बसवल्यावर ही तपासणी पुन्हा करावी.

प्रवाह

प्रवाळ जागचा हलू शकत नाही. अन्न, ऑक्सिजन आणि क्षार पाण्यानेच त्याच्यापर्यंत आणायचे आणि कचरा पाण्यानेच न्यायचा. त्याच्या त्वचेलगत स्थिर पाण्याचा पातळ थर असतो. प्रवाह जितका चांगला, तितका हा थर पातळ आणि देवाणघेवाण सुलभ.

छंदिष्टांचा ठोकताळा असा: मऊ आणि मांसल प्रवाळांसाठी तासाला टाकीच्या १० ते २० पट, बारीक फांद्यांच्या जातींसाठी ३० ते ५० पट पाणी फिरावे. ३०० लिटरसाठी वरचा आकडा ९,००० ते १५,००० लिटर होतो. एका मोठ्या पंपाने तो गाठू नये. एकाच दिशेची जोरदार धार युफिलियाचे मांस कडांवरून फाडते. दोन मध्यम वेव्हमेकर समोरासमोर, वेग आलटून पालटून बदलणारे, असे लावले की वरच्या भागात खळबळ आणि खालच्या कोपऱ्यांत निवांतपणा मिळतो. मिश्र टाकीत हाच फरक जपायचा असतो.

हे काम रिटर्न पंपावर टाकू नये. संपमधून तासाला ३ ते ५ पट पाणी फिरले तरी पुरते. पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. दीड मीटर चढ आणि दोन-तीन वळणे आली की प्रत्यक्ष पाणी बरेच कमी मिळते.

नवा पंप घेण्याआधी जुना व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणात भिजवून स्वच्छ करावा. पंख्यावर चुन्याचा थर बसला की पंपाचा जोर कमी होत जातो. कित्येकदा साफ केलेला जुना पंपच हवी ती वाढ देतो.

गाळण आणि स्किमर

जिवंत खडक, तीव्र प्रकाश आणि प्रोटीन स्किमर यांवर उभी असलेली पद्धत बर्लिनमधल्या छंदिष्टांनी रुजवली, म्हणून तिला बर्लिन पद्धत म्हणतात. आजच्या बहुतेक टाक्या तिच्याच वारसदार आहेत. अन्नाच्या आणि विष्ठेच्या अवशेषांतले काही रेणू एका टोकाने पाणी टाळतात आणि बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतात. स्किमर लाखो बारीक बुडबुडे तयार करून हा मळ फेसाबरोबर कपात काढतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे गोड्या पाण्यापेक्षा बारीक राहतात, म्हणून हे यंत्र समुद्री टाकीतच खरे चालते.

मोठ्यात मोठा स्किमर घेणे शहाणपणाचे नाही. मळ कमी आणि यंत्र मोठे असेल, तर फेस मानेपर्यंत टिकत नाही. आपल्या टाकीतल्या माशांच्या संख्येला जुळणारा घ्यावा. संपमध्ये तो ज्या कप्प्यात उभा आहे तिथली पातळी स्थिर ठेवावी. नवा स्किमर सुरुवातीचे काही दिवस ओसंडतो किंवा फेसच धरत नाही. तेवढा धीर धरावा.

पाणी अति स्वच्छ करणेही घातक आहे. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर गेले की प्रवाळ फिकट पडतात आणि डायनोफ्लॅजेलेटचा तपकिरी, चिकट थर वाळूवर पसरू शकतो. वहीत दोन्ही आकडे शून्याजवळ असतील, तर नवे गाळणयंत्र घेण्याऐवजी माशांना थोडे अधिक खाऊ घालावे.

खिडक्या बंद असलेल्या खोलीत कार्बन डायऑक्साइड साचतो, तो पाण्यात उतरतो आणि पीएच खाली ओढतो. एसीच्या फ्लॅटमध्ये आणि परदेशातल्या हिवाळ्यात हे नेहमी घडते. स्किमरच्या हवेची नळी खिडकीबाहेर काढली, तर पीएच बरेचदा सुधारतो. खर्च फक्त नळीचा.

क्षारांची भरपाई

सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, म्हणून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ठराविक प्रमाणातच खर्च होतात: २.८ डीकेएचमागे सुमारे २० मिलिग्रॅम प्रति लिटर कॅल्शियम. रोज ०.७ डीकेएच खर्च असेल तर कॅल्शियम साधारण ५ मिलिग्रॅमने उतरतो. ३०० लिटरमध्ये ०.७ डीकेएच परत भरायला सुमारे ६.३ ग्रॅम शुद्ध सोडियम बायकार्बोनेट पुरते.

पायऱ्या खर्चाप्रमाणे चढाव्यात. मऊ प्रवाळ आणि थोडे मांसल प्रवाळ असतील तर आठवड्याला १० टक्के पाणी बदलून भागते. खर्च वाढला की एटीओच्या पाण्यात चुन्याची निवळी, म्हणजे काल्कवासर. तिचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून ती थेंबाथेंबानेच जायला हवी. त्यापुढे टू-पार्ट द्रावणे, म्हणजे कॅल्शियमचे एक आणि अल्कलिनिटीचे दुसरे, आणि डोसिंग पंप. फांद्यांच्या जातींनी भरलेल्या मोठ्या टाकीसाठी कॅल्शियम रिॲक्टर.

डोसिंग पंपाचे खरे मोल सातत्यात आहे. दिवसाचा डोस दहा-बारा भागांत विभागता येतो. दोन द्रावणे एकाच वेळी, एकाच जागी टाकू नयेत. ती एकमेकांत मिसळून चुन्याचा साका तयार होतो. प्रत्येक पंप दर काही महिन्यांनी मोजपात्रात तपासावा, कारण नळी सैल पडते आणि मात्रा बदलते. अल्कलिनिटी उतरली असेल तरी दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नये.

आता प्रकाश

इथपर्यंतची तयारी झाली की दिवा बदलायला हरकत नाही. वॉट पाहून दिवा घेऊ नये. प्रवाळाला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचे माप म्हणजे पार. मऊ प्रवाळांना ५० ते १००, मांसल प्रवाळांना ८० ते १५०, फांद्यांच्या जातींना २०० ते ३५० पार साधारण पुरतो. एकाच दिव्याखाली वर, मध्ये आणि तळाशी असे तीन पट्टे मिळाले पाहिजेत. झूझँथेलीला ४०० ते ४८० नॅनोमीटरचा जांभळा-निळा प्रकाश विशेष उपयोगी असतो. टाकी निळी दिसते ती यामुळेच.

टी-५ नळ्या प्रकाश समान पसरवतात, पण नळ्या ठराविक काळाने बदलाव्या लागतात. एलईडी वीज वाचवतात आणि हवे तसे कमी-जास्त होतात, मात्र एका बिंदूतून येणाऱ्या त्यांच्या प्रकाशाने फांद्यांखाली गडद सावल्या पडतात. मोठ्या वसाहतींसाठी एकाऐवजी दोन एलईडी किंवा एलईडी आणि टी-५ यांची जोडी बरी पडते.

जुना दिवा काढण्याआधी पार मीटरने मोजून घ्यावे. मीटर महाग असतो. काहीजणांनी मिळून घेतला किंवा भाड्याने आणला तरी चालते. मोबाइलवरची लक्स ॲप्स निळ्या प्रकाशात फसतात. नवा दिवा जुन्याइतक्या किंवा थोड्या कमी पारवर सुरू करून दर आठवड्याला ५ ते १० टक्के वाढवावा. वरचे टोक पांढरे पडले की थांबून मागे यावे. प्रवाळ तपकिरी होऊ लागला तर प्रकाश कमी आहे किंवा नायट्रेट-फॉस्फेट जास्त आहेत. प्रकाश वाढवण्याच्या काळात अल्कलिनिटी पुन्हा रोज मोजावी. खर्च वाढतो आणि डोस त्यामागे न्यावा लागतो.

नियंत्रक आणि बदलाची रीत

तापमान, पीएच आणि पातळी यांवर लक्ष ठेवून मोबाइलवर इशारा देणारा नियंत्रक हा सोबती आहे, राखणदार नव्हे. त्याचा प्रोब वेळच्या वेळी कॅलिब्रेट केला नाही, तर तो चुकीच्या आकड्यावर अचूक काम करतो. म्हणून तो शेवटी घ्यावा, तेव्हा आपल्या टाकीचे नेहमीचे आकडे आपल्याला आधीच ठाऊक असतात.

एका वेळी एकच बदल करावा आणि पुढचा तीन-चार आठवड्यांनी. दिवा, स्किमर आणि डोसिंग एकाच रविवारी बदलले तर बिघाड झाल्यावर कारण शोधता येत नाही. जुना पंप, जुना हीटर फेकू नये. ऐनवेळी तोच टाकी वाचवतो. आणि जीव नकोसे झाले तरी समुद्रात, खाडीत किंवा नाल्यात सोडू नयेत. भूमध्य समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे शैवाल १९८४ मध्ये मोनॅकोजवळ दिसले आणि नंतर मैलोन्‌मैल पसरले.

या वर्षी एकाच उपकरणापुरते पैसे असतील, तर दुकानात जाण्याआधी वही उघडावी. क्षारता हलत असेल तर एटीओ, दुपारी तापमान चढत असेल तर चिलर, अल्कलिनिटी पडत असेल तर डोसिंग पंप घ्यावा. सारे आकडे महिनाभर सरळ रेषेत असतील, तर दिवा घ्यायची वेळ आली. त्या टाकीतले प्रवाळ वाढलेल्या उजेडाचा पुरेपूर उपयोग करतील.